फ्रीजखाली पाणी साचतंय? मेकॅनिकला फोन करायच्या आधी हे बघा

सकाळी चहासाठी दूध काढायला गेलो आणि पाय छपकन पाण्यात, फ्रीजसमोर हे एवढं तळं. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे आठवडाभर हेच चाललं होतं, रोज सकाळी फडकं टाकायचं आणि रोज म्हणायचं की आज कोणाला तरी बोलवू. शेवटी एक मेकॅनिक बोलावला, त्याने दार उघडलं, बंद केलं, मागे हात फिरवला आणि म्हणाला गॅस गेलाय, २८०० रुपये होतील. आता आईस्क्रीम दगडासारखं कडक, बर्फाचा ट्रे वेळेवर जमतोय, मग गॅस गेला कसा? म्हटलं उद्या कळवतो. रात्री जेवणं झाल्यावर स्वतःच सगळं बाहेर काढून बघितलं तर भाजीच्या ड्रॉवरमागच्या बारक्या भोकात कोथिंबिरीची एक काडी आणि त्याभोवती वाळलेलं इडलीचं पीठ. खर्च शून्य रुपये आणि पाऊण तास.

म्हणून पहिली गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. गॅस गेला की फ्रीज गार करायचा थांबतो, पाणी गाळायला लागत नाही. फ्रीजमधला गॅस पाईपातून निसटला तर हवेत जातो, त्याचं पाणी होत नाही. तेव्हा कूलिंग नीट असेल आणि फक्त पाणी येत असेल तर गॅस भरायचा विषयच काढू नका. कूलिंग पण गेलंय, कॉम्प्रेसर थांबतच नाही, फ्रीजरमध्ये एकाच कोपऱ्यात बर्फ धरतोय आणि बाकी कोरडं, असं असेल तर ते वेगळं दुखणं, तिथे माणूस बोलवावाच लागेल.

पाणी येतं कुठून

हवेतून येतं. आपण दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि गार पृष्ठभागावर तिचं पाणी होतं, गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. थोडा हिशोब करून बघा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तापमान २९-३० डिग्री आणि आर्द्रता ८०-९० टक्के असते, अशा एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी असतं. तुमचा फ्रीज २५० लिटरचा म्हणजे पाव घनमीटर, म्हणजे आतली हवा एकदा पूर्ण बदलली तर सहा ग्रॅमच्या आसपास पाणी आत आलं आणि ४ डिग्रीला हवा त्यातलं फारच थोडं धरून ठेवू शकते, बाकीचं चार-साडेचार ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक छोटा चमचा पाणी सुटतं. दिवसातून तीस वेळा दार उघडणाऱ्या घरात, प्रत्येक वेळी सगळी हवा बदलत नाही असं धरलं तरी, रोज पाव कप पाणी सहज होतं. वर उघडी ठेवलेली भांडी, ओली पालेभाजी, गरम आमटी तशीच आत ढकललेली, त्याचं वेगळं. हाच फ्रीज एप्रिलमध्ये नागपूर-अकोल्याच्या कोरड्या हवेत ठेवला तर पाणी अगदीच कमी. उन्हाळाभर काही नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गळायला लागला, असं अनेकांकडे होतं त्याचं कारण हेच. ड्रेन, म्हणजे हे पाणी बाहेर जायची वाट, आधीपासूनच अर्धी तुंबलेली असते, पावसाळ्यात पाणी वाढतं तेव्हा ती उघडकीला येते.

या पाण्याला बाहेर जायला कंपनीने वाट दिलेली असते. मागच्या भिंतीवरून थेंब ओघळतात, खाली पन्हाळीसारखी खाच असते, खाचेच्या मधोमध भोक, भोकातून पाईप, पाईप मागच्या बाजूला खाली उतरतो आणि कॉम्प्रेसरच्या वर बसवलेल्या ट्रेमध्ये पाणी पडतं. कॉम्प्रेसर गरम असतो त्यामुळे ट्रेमधलं पाणी आपोआप वाफ होऊन उडून जातं. म्हणजे पाणी रोजच तयार होत असतं, आपल्याला दिसत नाही इतकंच. दिसायला लागलं की समजायचं या वाटेत कुठेतरी अडलंय. कुठे अडलंय तेवढं शोधायचं.

सिंगल डोअर आणि डबल डोअरमध्ये थोडा फरक आहे. सिंगल डोअरमध्ये फ्रीजरचा डबा उघडाच दिसतो, त्यावर बर्फ चढतो आणि आपण नॉबच्या मधलं बटण दाबून तो वितळवतो. डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीमध्ये कॉइल, म्हणजे गार करणारी गॅसची नळी, फ्रीजरच्या मागच्या पॅनेलच्या आड लपलेली असते आणि दिवसातून दोन-तीन वेळा एक हीटर आपोआप चालू होऊन त्यावरचा बर्फ वितळवतो. तिथलं ड्रेनचं भोकही त्या पॅनेलच्या आडच असतं, दिसत नाही, म्हणून डबल डोअरवाल्यांना जरा जास्त उद्योग करावा लागतो.

हात लावायच्या आधी

प्लग काढा. नुसतं बटण बंद नको, प्लगच काढा. जमिनीवर पाणी असेल आणि स्टॅबिलायझर किंवा एक्स्टेंशन बोर्ड खाली ठेवलेला असेल (आपल्याकडे असतोच) तर आधी कोरड्या चपला घाला, शक्य असेल तर मेन स्विच पाडा, मग पुढे जा. फ्रीजच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर हा लेख इथेच सोडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या, पाण्याचं नंतर बघू.

आणि लाईट गेली होती का आठवा. चार-पाच तास लाईट नव्हती, किंवा गावाला जाताना फ्रीज बंद करून गेलात, तर बर्फ वितळून एकदा पाणी येणारच, तो बिघाड नाही. पुसून टाका आणि दोन दिवस वाट बघा.

पेपर टाकून बघा

अंदाजाने फ्रीज उघडत बसू नका. रात्री झोपताना फ्रीजखाली आणि चारी बाजूंनी जुने पेपर पसरा, फरशी आधी कोरडी करून. सकाळी कुठला पेपर भिजलाय ते बघा. पुढचा भिजलाय, मागचा, की भिंतीकडचा. आम्ही हे केलं नाही म्हणून मागे एकदा फसलो होतो, दोन दिवस फ्रीज पुसत होतो आणि पाणी निघालं शेजारच्या आरओच्या वेस्ट पाईपचं, तो सिंकमधून निसटला होता आणि उतार फ्रीजकडे. फ्रीजमागे बाथरूमची भिंत असेल तर ओल तिथूनही येते, पेपर भिंतीच्या बाजूनेच भिजला की ओळखायचं.

आता आतमध्ये बघा. भाजीचा ड्रॉवर बाहेर काढा. त्याच्या खाली पाणी साचलंय? मग नव्वद टक्के काम झालं असं समजा, ड्रेन तुंबलाय. ड्रॉवरखाली साचलेलं पाणी भरलं की दाराच्या कडेने पुढे ओघळतं आणि आपल्याला वाटतं फ्रीज समोरून फुटलाय. आत एकदम कोरडं आणि मागचा पेपर भिजलेला, तर मागचा ट्रे किंवा पाईप. आत कोरडं, खाली पण कोरडं आणि दारावर किंवा दोन दारांच्या मधल्या पट्टीवर थेंब, तर तो घाम आहे, त्याचं नंतर सांगतो.

तुंबलेला ड्रेन मोकळा करायचा

सामान असं: मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज (नसेल तर २० ची), सलाइनची नळी मिळाली तर उत्तमच, कोमट पाणी, खायचा सोडा, जुना टूथब्रश, दोन-तीन जाड टॉवेल. आणि कव्हरसकट एक जाडसर वायर, हातभर, टोक दुमडून गोल केलेली.

दूध, दही, मासे-मटण जे काही असेल ते शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये नाहीतर बर्फ घालून मोठ्या पातेल्यात. मग ड्रॉवर आणि खालची काच काढा. मागच्या भिंतीच्या तळाशी, साधारण मधोमध, करंगळी जेमतेम जाईल एवढं भोक दिसेल. काही फ्रीजमध्ये त्यात एक प्लॅस्टिकची काडी किंवा टोपी बसवलेली असते ती ओढून काढा आणि धुवा, काम तेवढ्यात पण होऊ शकतं. भोकाभोवतीचा चिखल आधी पुसून घ्या. तो तसाच ठेवून पाणी मारलं तर आणखी आत जाईल.

मग सिरिंजमध्ये कोमट पाणी भरून भोकात हळूहळू सोडा. कोमट म्हणजे हात बुडवून ठेवता येईल इतकं, उकळतं अजिबात नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. पाणी सरळ खाली गेलं आणि मागच्या ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला तर वाट मोकळी आहे. पाणी भोकाशीच उभं राहिलं तर सिरिंज उलटी वापरा, म्हणजे आधी खेचा. हे कोणी सांगत नाही पण खेचण्याने जास्त काम होतं, ढकलण्याने घाण आत दाबली जाते आणि खेचली की बाहेर येते. चार-पाच वेळा खेचायचं, ढकलायचं, खेचायचं, मध्ये ती वायर हलक्या हाताने फिरवून घ्यायची. आमच्या वेळी तिसऱ्या खेपेला ती काडी आली आणि मागून एकदम गुडगुड आवाज करत पाणी उतरलं, बेसिन मोकळं झाल्यावर येतो ना तसा.

दोन गोष्टी करू नका. एक, टोकदार तार, विणायची सुई, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. तो पाईप फ्रीजच्या भिंतीतल्या फोममधून जातो, त्याला भोक पडलं तर पाणी फोममध्ये झिरपत राहतं आणि त्याची दुरुस्ती जवळजवळ होतच नाही. दोन, बेसिन मोकळं करायची पावडर किंवा अ‍ॅसिड ओतू नका, खाण्याच्या वस्तू ठेवायची जागा आहे ती. तोंडाने फुंकायचाही मोह आवरा, मी फुंकलं होतं आणि ते सगळं परत तोंडावर आलं.

मोकळं झाल्यावर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून तेही सोडा, वास जातो. शेवटी कपभर साधं पाणी ओतून मागे जाऊन बघा की ते ट्रेमध्येच पडतंय, जमिनीवर नाही.

वरून सगळं साफ केलं तरी पाणी उतरत नसेल तर पाईपचं खालचं टोक बघा. बऱ्याच मॉडेलमध्ये तिथे एक रबरी टोपी असते, मागची गरम हवा आणि झुरळं आत येऊ नयेत म्हणून, आणि त्या टोपीच्या चिरेत शेवाळासारखी चिकट घाण धरते. ती ओढून काढायची, साबणाने धुवायची, परत लावायची.

डबल डोअरमध्ये

इथे लक्षणं अशी असतात की फ्रीजरच्या तळाला काचेसारखा बर्फाचा थर, मटारची पिशवी त्याला चिकटलेली, आणि खालच्या कप्प्यात वरून टपटप. म्हणजे कॉइलखालचं भोक बर्फाने बंद झालंय, हीटरने वितळवलेलं पाणी बाहेर जात नाही, फ्रीजरमध्येच पसरून परत गोठतं आणि जास्त झालं की खाली ठिबकतं.

सगळ्यात सोपा आणि बिनधोक उपाय म्हणजे फ्रीज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण दिवस तसाच सोडायचा. खरंच पूर्ण दिवस, दोन तासांनी काही होत नाही, पॅनेलच्या आतला बर्फ लवकर वितळत नाही. खाली टॉवेल, मागे ट्रे भरतोय का त्यावर लक्ष. फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं खाली जाड फडकं घालून ठेवलं आणि दार पुढे लोटलं तर काम लवकर होतं. टेबल फॅन समोर लावला तरी चालतो.

घाई झाली म्हणून सुरी किंवा उलथन्याने बर्फ खरवडू नका, हे दहा वेळा सांगितलं तरी कमी आहे. सिंगल डोअरमध्ये तर फ्रीजरच्या डब्याच्या पत्र्यातूनच गॅसची नळी जाते, सुरीचं टोक लागलं की फुस्स आणि मग खरंच गॅसचा खर्च. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर ६०० ए नावाचा गॅस असतो, मागे कॉम्प्रेसरजवळ ज्वाळेचं चिन्ह असलेला पिवळा स्टिकर असतो तो बघा, तो पेटणारा गॅस आहे. चुकून नळी फुटलीच तर खिडक्या उघडा, शेगडी-देवाचा दिवा विझवा आणि तिथली बटणं खालीवर करू नका.

एका दिवसाच्या विश्रांतीनंतर फ्रीज चालू केला आणि महिनोन्महिने काही झालं नाही तर उत्तम. पण आठ-पंधरा दिवसांत परत तोच बर्फ आला तर मग बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेतच गडबड आहे, हीटर जळालाय, त्याचा थर्मल फ्यूज (फार तापलं की हीटर बंद पाडणारा) किंवा बायमेटल (गारठा ओळखून हीटर चालू-बंद करणारा) गेलाय, जुन्या मॉडेलमध्ये टायमर अडकतो. हे मीटर लावून तपासायचं काम आहे, यासाठी माणूस बोलवा. बोलावताना मात्र नुसतं "पाणी गळतंय" म्हणू नका, "डिफ्रॉस्ट होत नाहीये, ड्रेन मी साफ केलाय, कूलिंग ठीक आहे" असं सांगा, म्हणजे समोरच्याला कळतं की इथे गॅसची गोष्ट चालणार नाही. बदललेला जुना पार्ट मागून घ्या. आणि वॉरंटीत असेल तर मागचं पॅनेल स्वतः उघडूच नका. वॉरंटी नसली तरी जपून, कारण पॅनेलमागे फॅन आणि सेन्सरच्या वायरी असतात, ओढलं की तुटतात आणि कॉइलच्या पात्या ब्लेडसारख्या कापतात.

मागचा ट्रे

फ्रीज पुढे ओढताना दोघं असा, एकट्याने ढकलून फरशी आणि कंबर दोन्ही जातं. फक्त सरकवला असेल तर लगेच चालू करता येतो, आडवा केला असेल तर उभा करून चार तास थांबा.

ट्रेला चीर गेलेली असते किंवा तो एका बाजूला सरकलेला असतो आणि पाईपचं पाणी त्याच्या बाहेर पडतं. चीर असेल तर ट्रे धुवून पूर्ण कोरडा करून एम-सील लावा, एक दिवस सुकू द्या. नवीन ट्रेही मिळतो, मॉडेल नंबर दाखवला की पार्टवाला देतो.

आणि हा ट्रे एकदा तरी नीट डोळ्यांनी बघा. साचलेलं गोड पाणी आणि अंधार, डेंग्यूच्या डासाला आणखी काय पाहिजे. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरी येऊन फ्रीजमागे बॅटरी मारतात ती यासाठीच, आणि आपण म्हणतो आमच्याकडे कुठे डास. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्याला ट्रे रिकामा करायचा, आणि नुसता ओतायचा नाही, ब्रशने कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात.

दाराचं रबर आणि घाम

रबर सैल असेल तर दमट हवा सतत आत जात राहते, पाणी वाढतं, बर्फ वाढतो, बिल पण वाढतं. दहाची नोट दारात अर्धी धरून दार लावा आणि ओढा. अडकून आली तर ठीक, अलगद निघाली तर त्या जागी फट आहे. चारी बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात बघा. पुष्कळदा रबर खराब नसतंच, त्याच्या घड्यांत सरबताचे डाग आणि काळी बुरशी बसलेली असते. साबणाच्या कोमट पाण्याने टूथब्रशने घासा, कोरडं करा. दबून वाकडं झालं असेल तर हेअर ड्रायर कमी हीटवर लांबून फिरवत बोटांनी सरळ करा. तरी नाही जमलं तर नवीन, बहुतेक रबरं नुसती खाचेत दाबून बसतात.

दारावर बाहेरून घाम येत असेल तर ऐन पावसाळ्यात थोडा चालायचाच, फडक्याने पुसा. फार येत असेल तर फ्रीज भिंतीला अगदी चिकटलाय का बघा, मागे चार बोटं तरी जागा हवी. आणि नॉब कायम सगळ्यात थंडवर ठेवायची सवय असेल तर खाली आणा. आत ४ डिग्री आणि फ्रीजरमध्ये उणे १८ पुरतं.

लेव्हल पण बघून घ्या. फ्रीज किंचित मागे कललेला असावा, पुढच्या पायांचे स्क्रू थोडे फिरवले की होतं. दार अर्धं उघडून सोडा, स्वतःहून लागलं की बरोबर. पुढे झुकलेला असेल तर दार नीट लागत नाही आणि आतलं पाणीही भोकाकडे न जाता पुढे येतं, नवीन फरशी टाकल्यावर किंवा घर बदलल्यावर गळती सुरू झाली असेल तर मला आधी हाच संशय येतो.

दाराला पाण्याचा नळ असलेला फ्रीज असेल तर आतली टाकी काढून परत घट्ट बसवा, नळामागचा वॉशर बघा. साइड बाय साइडला नळाची लाईन दिलेली असेल तर आधी मागचा कॉक बंद करून एक रात्र जाऊ द्या, गळणं थांबलं तर दोष त्या लाईनमध्ये किंवा फिल्टर नीट न बसण्यात आहे.

आमच्याकडे आता इडलीचं पीठ रात्री फ्रीजमध्ये जातं ते परातीत ठेवून, कोथिंबीर निवडून पेपरमध्ये गुंडाळून डब्यात, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भाजी भरायच्या आधी त्या भोकात सिरिंजभर कोमट पाणी. सिरिंज फ्रीजवरच ठेवलेली असते, पाहुणे विचारतात घरी कोण आजारी आहे.